रंगद्रव्य थराची फाट: रुग्ण आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

ओसीटीच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे आडवे काप दाखवणाऱ्या तपासणीच्या, कागदावर ‘आरपीई टेअर’ किंवा ‘आरपीई रिप’ असे लिहून आलेले असते, डॉक्टरांच्या खोलीत दोन-तीन मिनिटांत काही सांगितले जाते आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसल्यावर खरे प्रश्न सुचू लागतात. गोव्यातील ज्येष्ठ रुग्ण आणि त्यांच्यासोबत येणारी मुले-सुना असेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथेच गैरसमज जास्त आहेत.

हा रंगद्रव्य थर डोळ्यात असतो कुठे आणि त्याचे काम काय?

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लागून जो पडदा असतो, म्हणजे दृष्टिपटल, त्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या लगेच मागे षटकोनी पेशींचा एकच पदर फरशी बसवावी तसा बसवलेला असतो. या पेशींत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असते, म्हणून त्याला रंगद्रव्य थर म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘आरपीई’ असतो. त्याची जाडी माणसाच्या केसाच्या जाडीच्या पाव भागाइतकीही नसते, पण काम अखंड चालू असते. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची टोके रोज झिजतात आणि साधारण दहा दिवसांत पूर्ण नवी होतात. झिजून पडलेले तुकडे गिळून पचवणे, ‘अ’ जीवनसत्त्व पुन्हा वापरण्याजोगे करून परत देणे, मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून पोषण पुढे पोहोचवणे आणि पडद्याखाली पाणी साचू न देणे, ही सगळी कामे हा एक पदर करतो. प्रौढ वयात त्याच्या पेशी सहसा नव्याने वाढत नाहीत. म्हणून हा थर जेथून निघून जातो, तेथे वरच्या पेशी जागेवर असूनही हळूहळू निकामी होतात.

मग तो फाटतो कसा?

पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर रंगाला आलेला फुगा गोव्यात कोणी पाहिला नाही असे होणार नाही. आत पाणी साचते, रंगाचा पापुद्रा भिंत सोडून वर येतो, ताणला जातो आणि एखाद्या दिवशी फुग्याच्या कडेला चिरतो. चिरला की सुटलेली बाजू स्वतःभोवती गुंडाळत मागे जाते आणि खालची भिंत उघडी पडते. डोळ्यात जवळजवळ हेच घडते. मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला, बारीक पाहण्याचा भाग. वयोमानानुसार होणाऱ्या त्याच्या झिजेच्या ‘ओल्या’ प्रकारात रंगद्रव्य थराखाली नव्या, कमकुवत रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते, त्यातून पाणी झिरपते आणि थर उचलला जातो. या फुग्याला ‘पीईडी’ म्हणतात. जाळे थराच्या खालच्या अंगाला एका बाजूने चिकटलेले असते. ते आकसले की आधीच ताणलेल्या थराला ओढ बसते. थर बहुधा फुग्याच्या कडेवर, जेथे तो अजून घट्ट बसलेला भाग संपतो तेथे फाटतो आणि जाळ्याच्या दिशेने गुंडाळला जातो.

मॅक्युलाची झीज हे सर्वांत मोठे कारण असले तरी एकमेव नाही. पडद्याखाली पाणी साचण्याचा ‘सेंट्रल सेरस’ नावाचा विकार फार तीव्र झाला असता, डोळ्याला जबर मार बसला असता, किंवा काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याचा दाब अतिशय उतरून मागे पाणी साचले असता अशी फाट झालेली आढळते. पुढील उत्तरे मात्र मुख्यतः मॅक्युलाच्या झिजेच्या रुग्णांसाठी आहेत.

‘पडदा फाटला’ असे ऐकले. शेजाऱ्यांच्या पडद्याला भोक पडले होते, त्यांना लेझर केले. आम्हाला का करत नाहीत?

या एका शब्दामुळे होणारा घोटाळा आम्ही सर्वांत जास्त वेळा निस्तरतो. शेजाऱ्यांना झाली ती दृष्टिपटलाची फाट: डोळ्यातील जेलीसारखा द्रव आकसताना पडदा पुढून ओढला जातो, बहुधा कडेच्या भागात भोक पडते, डोळ्यात वीज चमकल्यासारखे दिसते, काळे ठिपके तरंगू लागतात आणि वेळेत लेझर केले नाही तर पडदा सुटण्याची भीती असते. रंगद्रव्य थराची फाट पडद्याच्या मागे, मॅक्युलाच्या परिसरात होते. वरचा पडदा अखंडच असतो आणि त्या भोकासारखा तो सुटत नाही. लेझरची उष्णता येथे दिली तर उरलेल्या थरालाच इजा होईल. पूर्वी मॅक्युलाच्या झिजेवर उष्ण लेझर वापरले जात असे, तेव्हा त्यानंतरही अशा फाटी झालेल्या नोंदल्या गेल्या आहेत.

इंजेक्शन दिल्यानंतरच हे झाले. मग इंजेक्शनामुळेच फाटले ना?

याला एका शब्दात उत्तर देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अशी फाट वैद्यकीय साहित्यात पहिल्यांदा 1981 साली वर्णिली गेली. या आजारावर डोळ्यात द्यावयाच्या रॅनिबिझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती 2006 साली. म्हणजे इंजेक्शने नव्हती त्या काळातही मोठे फुगे आपोआप फाटत होते, आणि आजही कधीच इंजेक्शन न घेतलेल्या डोळ्यात पहिल्याच तपासणीला फाट सापडते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अँटी-व्हीईजीएफ, म्हणजे नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या, इंजेक्शनांनी रक्तवाहिन्यांचे जाळे वेगाने आकसते, उपचाराचा हेतूच तो असतो, आणि त्या आकसण्याने ताणलेल्या थराला झटका बसू शकतो. इंजेक्शनांशी संबंधित फाटी बहुतेक वेळा पहिल्या काही डोसांनंतरच्या आठवड्यांत दिसतात, यावरून हा संबंध नाकारता येत नाही. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट यांपैकी कोणतेही औषध यातून सुटलेले नाही. त्यामुळे ‘महागडे घेतले असते तर फाटले नसते’ किंवा ‘स्वस्त घेतले म्हणून फाटले’ हे दोन्ही अंदाज चुकीचे आहेत.

कोणता डोळा धोक्यात आहे हे बऱ्याच अंशी आधी ओळखता येते. फुगा जितका उंच आणि पसरट, तितका धोका अधिक. शेकडो मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचीचा फुगा ओसीटीवर दिसला की डॉक्टर सावध होतात, कारण थराची स्वतःची जाडी दहा-पंधरा मायक्रॉनच असते. इन्फ्रारेड छायाचित्रात फुग्यावर ताणाच्या रेघा दिसणे किंवा कडेला बारीकशी चीर आधीच असणे ही आणखी चिन्हे होत. असा फुगा असेल तर पहिल्या इंजेक्शनापूर्वीच रुग्णाला ‘हे फाटू शकते, पण उपचार न केल्यास नुकसान याहून मोठे आहे’ असे स्पष्ट सांगायला हवे. संमतिपत्रावर ते बारीक अक्षरात असते. मॅक्युला बिघडलेल्या माणसाला ते वाचता येत नाही, हे आम्हा डॉक्टरमंडळींच्या लक्षात राहत नाही.

आई कुळागरात वाकून काम करते, पाण्याची घागर उचलते. त्याने फाटले असेल का?

नाही. मॅक्युलाच्या झिजेतील फाट वाकल्याने, ओझे उचलल्याने, शिंकल्याने किंवा टीव्ही पाहिल्याने होत नाही. आईला दोष देऊ नये आणि तिची कामेही या कारणासाठी बंद करू नयेत.

फाटल्याचे रुग्णाला कळते का?

बहुधा कळते, आणि एकाएकी कळते. आदल्या दिवशीपर्यंत वाचता येणाऱ्या वर्तमानपत्राच्या मधोमध डाग येतो, दाराची चौकट वाकडी दिसते, घराच्या कौलांच्या सरळ ओळी लाटेसारख्या होतात, समोरच्याचे कान-केस दिसतात पण तोंड दिसत नाही. दुखत मात्र नाही, डोळा लालही होत नाही. फाट मध्यबिंदूपासून दूर असेल तर काहीच जाणवत नाही आणि ती नेहमीच्या ओसीटीतच सापडते. दुसरा डोळा चांगला असला की तो उणीव भरून काढतो, त्यामुळे कित्येकांना एक डोळा सहज झाकला जाईपर्यंत पत्ता लागत नाही.

ओसीटीच्या चित्रात नेमके काय पाहायचे?

रिपोर्ट हातात असतोच, तर तो समजून घ्यायला हरकत नाही. ओसीटीत पडद्याचे आडवे काप दिसतात. तळाशी जी ठळक पांढरी रेघ असते ती रंगद्रव्य थराची. फाट असेल तेथे ही रेघ तुटते. तुटलेल्या एका बाजूचे टोक जाड, सुरकुतलेले, गुंडाळलेल्या चटईसारखे दिसते आणि त्याखाली सावली पडते. उघड्या पडलेल्या भागात मात्र प्रकाश अडवणारे काही उरलेले नसल्याने खालचा रक्तवाहिन्यांचा थर नेहमीपेक्षा उजळ दिसतो.

ऑटोफ्लुओरेसन्स नावाचे एक छायाचित्र काढतात, त्याला डोळ्यात किंवा हातात काही टोचावे लागत नाही. निरोगी रंगद्रव्य थर त्यात स्वतःहून मंद चमकतो. फाटलेला भाग कातरीने कापावा तसा काळाकुट्ट दिसतो. फाटीची हद्द आणि पुढे तिच्यात होणारा बदल पाहण्यासाठी हे चित्र फार उपयोगी पडते, म्हणून पहिले चित्र जपून ठेवावे. हाताच्या शिरेत रंग टोचून काढायची अँजिओग्राफी प्रत्येकाला लागत नाही. पण आशियाई लोकांत या ओल्या झिजेचा पॉलिपॉइडल नावाचा प्रकार बराच आढळतो, त्यातही मोठे फुगे येतात. तो संशय असेल तर हिरव्या रंगाची, म्हणजे आयसीजी अँजिओग्राफी सांगितली जाते.

रिपोर्टवर ‘ग्रेड 3’ लिहिले आहे.

ही फाटीच्या लांबीवरून केलेली प्रतवारी आहे. 200 मायक्रॉनपेक्षा लहान ती पहिली. त्याहून मोठी पण दृष्टिनसेच्या तबकडीच्या व्यासाहून लहान ती दुसरी. त्या व्यासाहून मोठी, पण मध्यबिंदू म्हणजे फोव्हिया वाचलेला, ती तिसरी. आणि तितकीच मोठी असून फोव्हियातून गेलेली ती चौथी. तिसरी आणि चौथी यांत आकाराचा फरक नाही, जागेचा आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. तिसऱ्या प्रतीच्या फाटीसह वाचन करणारे रुग्ण असतात.

फाट शिवता किंवा चिकटवता येत नाही का?

आज तरी नाही. गुंडाळला गेलेला थर उलगडून परत बसवण्याची नेहमीच्या वापरातील शस्त्रक्रिया उपलब्ध नाही. डोळ्याच्या कडेचा थर काढून मध्यभागी लावण्याचे प्रयत्न जगात काही ठिकाणी झाले आहेत, तसेच मूळपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या रंगद्रव्य पेशींचा तुकडा दोन रुग्णांच्या डोळ्यांत बसवल्याचा लंडनमधील अहवाल 2018 साली प्रसिद्ध झाला. हे संशोधन आहे. ‘स्टेम सेलने पडदा नवा करू’ असे सांगून पैसे मागणाऱ्या कोणाकडेही जाऊ नये.

मग फाटल्यानंतरही इंजेक्शने घेत राहायची कशाला?

या पानावरील एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे. फाट हा आजार नव्हे, आजाराच्या ओघात घडलेली घटना आहे. आजार म्हणजे ते रक्तवाहिन्यांचे जाळे, आणि ते फाट झाल्यावरही तेथेच, गुंडाळलेल्या थराखाली असते. त्यातून पाणी आणि रक्त झिरपत राहिले तर उरलेला थरही उचलला जातो आणि शेवटी मध्यभागी जाड पांढरा व्रण तयार होतो. तो व्रण झाला की कोणतेही औषध उपयोगी पडत नाही. फाटीनंतर उपचार चालू ठेवलेल्या अनेक डोळ्यांत दृष्टी टिकून राहिली, काहींत सुधारली, असा अनुभव प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतूनही दिसतो.

पण होते असे की फाट झाल्यावर घरात राग येतो. ‘सुईनेच घात केला’ म्हणून इंजेक्शने बंद होतात, सहा महिन्यांनी रुग्ण पुन्हा येतो, आणि तोवर व्रण झालेला असतो. राग समजण्यासारखा आहे. डॉक्टरांवरचा विश्वास उडाला असेल तर दुसऱ्या रेटिनातज्ज्ञांचे मत जरूर घ्यावे, मात्र ते महिन्याभरात घ्यावे. जाळे पूर्ण शांत झाले असेल किंवा व्रण इतका पक्का असेल की औषधाने काही साधणार नाही, तर थांबण्याचा सल्ला डॉक्टर स्वतःच देतात.

चतुर्थीच्या दिवसांत इंजेक्शन पुढे ढकलले तर चालेल का?

चार-आठ दिवस इकडेतिकडे झाल्याने बहुधा बिघडत नाही, पण दीड दिवसाचा गणपती, मग पाहुणे, मग पाऊस असे करत महिना गेला तर बिघडते. सुरुवातीच्या दर महिन्याच्या डोसांत तर असा खंड पडू देऊ नये. माटोळी बांधण्याच्या धांदलीआधीच तारीख घेऊन मोकळे व्हावे. इंजेक्शनानंतरचे काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, म्हणून विसर्जनाला नदीत किंवा तळीत उतरू नये आणि डोक्यावरून आंघोळ कधी करायची ते डॉक्टरांना विचारावे. इंजेक्शनानंतर पहिल्या आठवड्यात डोळा दुखू लागला, लाल झाला आणि दृष्टी उतरू लागली, तर ते जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. असा संसर्ग क्वचितच होतो, पण तेव्हा सण, रविवार किंवा रात्र न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या इंजेक्शनासाठी स्वतःहून बंद करू नयेत. हल्ली हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल तर ते आधी सांगावे.

गेलेली दृष्टी परत येईल का?

फोव्हिया वाचला असेल तर बरीच टिकते. फोव्हियाखालचा थर गेला असेल तर मधली बारीक दृष्टी पूर्वीसारखी होण्याची अपेक्षा धरू नये. तरीही काही डोळ्यांत महिने-वर्षे लोटल्यावर उघड्या जागेच्या कडेने रंगद्रव्य पेशी आत सरकत येतात, ऑटोफ्लुओरेसन्सच्या चित्रातील काळा भाग कडेकडेने आक्रसतो, आणि रुग्णाला अक्षरे थोडी बरी दिसू लागतात. हे कोणात होईल ते आधी सांगता येत नाही. एवढे नक्की की कडेची दृष्टी राहते. या फाटीने माणूस पूर्ण आंधळा होऊन अंधारात बसत नाही.

दुसऱ्या डोळ्यालाही होईल का?

मॅक्युलाची झीज दोन्ही डोळ्यांचा आजार आहे आणि एका डोळ्यात फाट झालेल्यांच्या दुसऱ्या डोळ्यालाही, विशेषतः तेथे फुगा असल्यास, धोका अधिक असतो. म्हणून प्रत्येक भेटीत दोन्ही डोळ्यांचा ओसीटी करून घ्यावा, आणि घरी ॲम्सलर जाळी वापरावी: 10 सेंटिमीटरची चौकट, त्यात 5 मिलिमीटरचे चौकोन, मध्ये ठिपका. जवळचा चष्मा लावून, वाचायच्या अंतरावर धरून, एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहावे. रेघा वाकल्या, तुटल्या किंवा नवा डाग दिसला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. कागद हरवतो. अंगणाकडच्या खिडकीचे गज किंवा समोरच्या चिऱ्यांच्या भिंतीचे सांधे रोज सकाळी एकेका डोळ्याने पाहण्याची सवय केली तरी काम होते.

गोळ्या, थेंब, गाजर?

2013 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एरेड्स 2’ या अभ्यासातील मिश्रण (ल्यूटिन 10 मिलिग्रॅम, झियाझँथिन 2 मिलिग्रॅम, ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे, जस्त, तांबे) मध्यम टप्प्यावरील झीज पुढे सरकण्याची शक्यता कमी करते. दुसरा डोळा त्या टप्प्यावर असेल तर त्यासाठी ते घेण्यात अर्थ आहे. झालेली फाट त्याने भरत नाही. डोळ्यात घालायचे कोणतेही थेंब ती जोडत नाहीत, मग ते दुकानातले असोत वा घरचे. इंजेक्शनानंतर गुलाबपाणी किंवा मध घालणे तर घातक आहे. तंबाखूचा धूर मात्र सोडावा, कारण धूम्रपान या झिजेचे सिद्ध झालेले कारण आहे.

गोव्यात उपचारासाठी कुठे जावे, आणि खर्च?

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेत्रविभाग आहे. खासगी रेटिनातज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणहून दर महिन्याला येणाऱ्यांनी त्याच दिवशी तपासणी आणि इंजेक्शन दोन्ही होईल का हे आधी फोन करून विचारावे, म्हणजे कदंबच्या दोन फेऱ्या वाचतील. इंजेक्शन झाल्यावर डोळा चुरचुरतो, अंधुक दिसते. सोबत कोणीतरी असावे. 2016 साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असल्यास हा उपचार त्यात बसतो का, हे इस्पितळातील योजना कक्षात इंजेक्शनापूर्वी विचारून घ्यावे, नंतर नव्हे.

स्कूटर चालवता येईल का?

डॉक्टर तपासून होकार देईपर्यंत नाही. एका डोळ्याची मधली दृष्टी गेली की खोलीचा अंदाज चुकतो, तो सावरायला काही महिने लागतात. पेल्यात पाणी ओतताना, देवळाच्या पायऱ्या उतरताना, फेरीबोटीच्या फळीवर पाय ठेवताना हे जाणवते. पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या रंगाची पट्टी मारली तर घरातील बरेच धोके टळतात.

बाबांना अंगणात माणसे दिसतात, नक्षी दिसते. घरचे म्हणतात बाधा झाली.

मधली दृष्टी गेली की मेंदू कधीकधी रिकाम्या जागी स्वतःची चित्रे भरतो: अनोळखी माणसे, लहान मुले, फुलांची नक्षी. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने यांनी 1760 साली आपल्या आजोबांचे असे अनुभव लिहून ठेवले, म्हणून याला त्यांचेच नाव आहे. ही चित्रे बोलत नाहीत, आणि ती खरी नाहीत हे रुग्णाला बहुधा ठाऊक असते. वेड ठरवले जाईल या भीतीने तो सांगत नाही, इतकेच. देवचाराची शंका काढण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. दिवा लावला, नजर इकडून तिकडे फिरवली किंवा डोळ्यांची उघडझाप केली की चित्र बहुधा विरते. आवाजही ऐकू येत असतील किंवा बोलण्यात गोंधळ असेल, तर ते वेगळे प्रकरण असते आणि त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

अपंगत्वाचा दाखला मिळेल का?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते आणि ते दोन्ही डोळ्यांची, चष्मा लावून, तपासणी करून ठरते. दुसरा डोळा चांगला असेल तर एका डोळ्यातील फाटीवर हा आकडा भरत नाही. दोन्ही डोळ्यांत दृष्टी उतरली असेल तर जिल्हा इस्पितळातील वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करावा, आणि जाताना पहिल्या दिवसापासूनचे सर्व ओसीटी सोबत न्यावेत.